गुऱ्हाळावरचा शोधनिबंध आणि दीड पानाचा परिच्छेद

नियतकालिकाकडून शोधनिबंध परत आला तेव्हा परीक्षकाने आशयावर बोट ठेवलं नव्हतं. शेरा अगदी थोडक्यात होता: विषय महत्त्वाचा आहे, क्षेत्रकार्य प्रामाणिक आहे, पण मांडणी विस्कळीत असल्याने परिच्छेदरचना पूर्णपणे नव्याने करावी, मग निबंधाचा विचार करता येईल.

निबंध लिहिणारी अर्थशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी करवीर तालुक्यातली. विषय होता, कोल्हापूर परिसरातली गुऱ्हाळघरं का कमी होत चालली आहेत. मी कोल्हापुरातच मराठी शिकवते आणि इतर विषयांच्या संशोधकांचे मराठी निबंध छापायला जाण्याआधी वाचून देते, म्हणून फाइल माझ्याकडे आली. तिच्या परवानगीने, पण नाव न देता, हे प्रकरण इथे मांडते आहे. परिच्छेदाबद्दलचे जे घोळ एरवी वेगवेगळ्या निबंधांत विखरून दिसतात, ते इथे एकाच ठिकाणी होते. शिवाय ते कोणत्या क्रमाने सुटले, हेही यात स्वच्छ दिसतं. त्या क्रमाला फार महत्त्व आहे.

फाइल आधी, विचार नंतर

तिचं पहिलं म्हणणं असं होतं: "मॅडम, हे कॉम्प्युटरमुळं झालंय. डीटीपीवाल्याकडनं जुन्या फॉन्टात टाईप करून घेतलं, नंतर मी ते युनिकोडमध्ये आणलं. तिथंच सगळे पॅरा विस्कटले बघा."

हे अर्धं खरं होतं. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. पडद्यावर मराठी दिसलं तरी संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. म्हणून तो युनिकोडमध्ये आणताना चिन्हं एकेक करून बदलली जातात आणि त्या गडबडीत ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, रफार हलतो. तिच्या फाइलमध्ये त्यात आणखी भर पडली होती. काही मजकूर पीडीएफमधून उचललेला होता. पीडीएफमधला मजकूर चिकटवला की बहुतेक वेळा छापील ओळ जिथे संपते तिथे एंटर येऊन बसतं, मग वाक्य अर्धवट असलं तरी. ते निस्तरायला तिने काही ठिकाणी शिफ्ट-एंटर मारलं होतं, काही ठिकाणी दोनदा एंटर, आणि परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायला कुठे टॅब, तर कुठे मोजून पाच-सहा स्पेस.

वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि 8 एकदम दाबलं की लपलेल्या खुणा दिसू लागतात. तिने त्या पहिल्यांदाच पाहिल्या. एंटर मारलं की परिच्छेद संपल्याची खूण येते. शिफ्ट-एंटरने फक्त ओळ तुटते, परिच्छेद चालूच राहतो. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण संगणक दोन्हींना वेगळं वागवतो. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ लावलेला असेल तर शिफ्ट-एंटरच्या आधीची ओळ कडेपर्यंत ताणली जाते. तिच्या निबंधात "बंद पडत आहेत" एवढे तीन शब्द पूर्ण ओळभर पसरले होते, ते याच कारणाने.

आम्ही आधी हे सगळं काढून टाकलं. परिच्छेद खरोखर जिथे संपतो तिथे तात्पुरती खूण केली, बाकीचे सगळे तुटके शेवट शोधा-बदला वापरून एका स्पेसमध्ये बदलले, आणि शेवटी तात्पुरत्या खुणांच्या जागी एंटर आणलं. पूर्ण मजकुराला एकच शैली लावली. पहिली ओळ किती आत जाईल आणि दोन परिच्छेदांत किती जागा सुटेल, हे त्या शैलीतच ठरवलं. टॅब आणि स्पेस कायमचे गेले.

या कामात काही संशोधक वेळ घालवायला तयार नसतात. "आधी आशय बघू, फॉरमॅट शेवटी," असं म्हणतात. मी आग्रहाने उलट करते. फाइल घाणेरडी असेपर्यंत प्रत्येक दोषाला संगणकाचं निमित्त मिळत राहतं. फाइल स्वच्छ झाली, आणि परिच्छेद तरीही विस्कळीतच होते. मगच तिने माझ्यासमोर मान्य केलं की गडबड टायपिंगच्या पलीकडची आहे.

तो परिच्छेद

निबंधाच्या मध्यावर एक परिच्छेद दीड पान चालला होता. त्याचा गाभा इथे देते. त्यातली काहिल म्हणजे रस उकळायची मोठी पसरट कढई, सौदा म्हणजे बाजारातला गुळाचा लिलाव, आणि हायड्रोस म्हणजे गूळ पिवळा दिसावा म्हणून घालतात ते गंधकयुक्त रसायन. मूळ मजकूर लांब होता, पण वाक्यांचा क्रम आणि त्यांची जोडणी हीच होती:

"गूळ तयार करताना उसाचा रस काहिलीत उकळला जातो व भेंडीचा चिकट रस टाकून मळी काढली जाते. करवीर व पन्हाळा तालुक्यांतील गुऱ्हाळमालकांच्या मुलाखती घेण्यात आल्या. पिवळ्या गुळाला भाव जास्त मिळतो असे बहुतेकांनी सांगितले. तसेच 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तसेच काही ठिकाणी हायड्रोस पावडर वापरली जाते व ती आरोग्यास घातक आहे. अन्नसुरक्षा नियमांनुसार गुळात सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत 70 पेक्षा जास्त असू नये. त्याचप्रमाणे कामगार मिळत नाहीत. गुळव्या हा कुशल कारागीर असून त्याची पुढची पिढी या व्यवसायात येत नाही. यामुळे गुऱ्हाळे बंद पडत आहेत. तसेच सौद्यात गुळाचा रंग पाहून भाव ठरतो. शासनाने याकडे लक्ष देणे गरजेचे आहे."

एकेक वाक्य सुटं घेतलं तर यात चूक काहीच नाही. व्याकरण नीट आहे, माहिती खरी आहे. तरीही वाचून झाल्यावर हाती काय लागलं हे सांगता येत नाही. परीक्षक बहुधा इथेच थांबला असावा.

मी तिला एकच काम दिलं. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक वाक्य लिहायचं: हा परिच्छेद वाचकाला काय पटवतो? विषय लिहायचा नाही, म्हणणं लिहायचं. "गुळाचा रंग" हा विषय झाला. "रंगावरून भाव ठरतो म्हणून रसायनाचा वापर सुटत नाही" हे म्हणणं झालं. एका वाक्यात मावत नसेल तर तिथे परिच्छेद एकापेक्षा जास्त आहेत. वाक्यच सुचत नसेल तर परिच्छेद अजून झालेलाच नाही.

या परिच्छेदासमोर ती बराच वेळ अडली. मग म्हणाली, "गुऱ्हाळं का बंद पडतात, ते सांगतोय की हा."

"अगं, ते तर अख्खा निबंध सांगणार आहे. या परिच्छेदाचं स्वतःचं काय?"

"ह्यातलं काय काढू मग? सगळं महत्त्वाचंच आहे की, मॅडम."

हे वाक्य मी अनेक विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे आणि त्यामागची कळकळ मला समजते. धुरात बसून, उकळत्या काहिलीच्या बाजूला उभं राहून मिळवलेली माहिती असते. एकही कण वाया जाऊ नये असं वाटणं साहजिक आहे. म्हणून काय काढायचं हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि तिला क्षेत्रकार्याची वही आणायला सांगितली.

वही पाहिल्यावर उलगडा झाला. ती गुऱ्हाळावर गेली तेव्हा काहिलीत रस उकळत होता. तिने आधी ते टिपलं. मग मालक बोलायला बसला, तो भावाबद्दल बोलला. बोलता बोलता मानांकनाचा विषय निघाला, मग पावडरीचा. तेवढ्यात गुळव्या आला आणि त्याच्या मुलांचं बोलणं निघालं. मार्केट यार्डातले सौदे तिने नंतर कधीतरी पाहिले, म्हणून ते शेवटी. परिच्छेदातला क्रम तंतोतंत वहीतलाच होता.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. माहिती ज्या क्रमाने हाती आली त्याच क्रमाने ती निबंधात उतरली होती. संशोधकाच्या आठवणीत तो क्रम इतका पक्का बसलेला असतो की त्याला तो तर्काचाच क्रम वाटतो. तिला "तसेच" खटकत नव्हतं, कारण त्या दिवशी खरोखर तसंच घडलं होतं, एकामागून एक. वाचक मात्र गुऱ्हाळावर गेलेला नसतो. त्याला घटनाक्रमाशी देणंघेणं नसतं. कशावरून काय सिद्ध होतं, एवढंच त्याला हवं असतं. आधी मजकूर लिहून काढायचा आणि मग लांबी बघून मध्ये मध्ये एंटर मारायचं, अशाने परिच्छेद होत नाहीत. म्हणणं ठरलं की परिच्छेदाची सीमा आपोआप ठरते.

मळी काढण्याचं वाक्य

मग आम्ही सगळी वाक्यं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर घेतली आणि टेबलावर पसरली. विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाच्या परिसरात बसून हे काम झालं. प्रत्येक चिठ्ठीला विचारायचं, तू कोणत्या म्हणण्याचा पुरावा आहेस?

तीन ढीग लगेच झाले. एक, भाव कसा ठरतो आणि त्याचा रसायनाशी काय संबंध. दोन, कुशल माणसांची टंचाई. तीन, नियम आणि मानांकन. मुलाखती घेतल्याचं वाक्य संशोधनपद्धतीच्या भागात गेलं, शासनाने लक्ष देण्याचं वाक्य शिफारशींत. "आरोग्यास घातक आहे" हे वाक्य तिने स्वतःच बाजूला काढलं, कारण त्याला आधार देणारा एकही संदर्भ तिच्याकडे नव्हता आणि निबंध अर्थशास्त्राचा होता. सल्फर डायऑक्साइडची कायदेशीर मर्यादा नोंदवणं तेवढं तिच्या कक्षेत होतं.

एक चिठ्ठी उरली. काहिल, भेंडी, मळी.

ही काढून टाकावी असं मला वाटत होतं. कोल्हापुरात हंगामात गावाबाहेर पडलं की गुऱ्हाळाचा वास येतो. इथल्या वाचकाला गूळ कसा होतो हे सांगायची गरज काय? तिने मात्र हट्ट धरला, आणि तिचं बरोबर होतं. नियतकालिक महाराष्ट्रभर वाचलं जातं. विदर्भातल्या प्राध्यापकाने काहिल पाहिली असेलच असं नाही. पण एवढ्या कारणावरही वर्णन निबंधात राहत नाही. माहिती म्हणून दिलेलं वर्णन वाचकाला थांबवून ठेवतं. तेच वर्णन कशाचा तरी पुरावा झालं तर वाचक ते लक्ष देऊन वाचतो.

मी तिला विचारलं, गुळाचा रंग कशाकशाने बदलतो? आणि ती भडाभडा बोलायला लागली. जमीन खारवट असेल तर गूळ काळपट येतो. उसाची जात बदलली की रंग बदलतो. रसाची आम्लता मोडायला चुना घालतात, तो जास्त झाला की गूळ काळवंडतो. मळी नीट निघाली नाही तर रंग येत नाही. पाक उतरवायला उशीर झाला, तापमान साधारण 118 अंशांच्या बरंच पुढे गेलं, तर करपल्यासारखा होतो. म्हणजे गडद रंग कधी कमी कौशल्याचा असतो, कधी जमिनीचा, आणि कधी फक्त पावडर न घातल्याचा. सौद्यात ढेपेकडे बघणाऱ्या डोळ्यांना यातला फरक कळायला मार्ग नाही.

हे तिच्या मसुद्यात कुठेच नव्हतं. तिला ते लहानपणापासून माहीत होतं, म्हणून लिहायचं सुचलं नव्हतं. आता मळीच्या वाक्याला काम मिळालं. गूळनिर्मितीचा परिच्छेद निबंधात राहिला, पण त्याचं म्हणणं नवं होतं: रंग अनेक कारणांनी ठरतो, म्हणून शुद्धतेची खूण म्हणून तो विश्वासार्ह नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य या म्हणण्याकडे जातं. चुलवाणात चिपाड कसं सारतात, पाक वाफ्यात कसा ओततात, हे तिला अतिशय आवडणारं वर्णन गेलं. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. ते दुसऱ्या कुठल्यातरी लेखात यायला हवं.

त्यानंतरचा परिच्छेद तिने असा लिहिला:

"मुलाखत दिलेल्या गुऱ्हाळमालकांच्या मते हायड्रोस पावडरीचा वापर सुटत नाही, याचे मुख्य कारण सौद्यात भाव ठरवण्याची पद्धत हे आहे. सौद्यात ढेपेची पारख प्रथम रंगावरून केली जाते. वर दाखवल्याप्रमाणे रंगावरून शुद्धता कळत नाही. तरीही पिवळ्या गुळाला चढा भाव मिळतो, असे बहुतेक मालकांनी सांगितले. त्यामुळे पावडर टाळणाऱ्या मालकाला त्याच श्रमाचे व त्याच उसाचे कमी पैसे मिळण्याचा धोका राहतो. 2014 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने हा धोका कमी झाला असता. परंतु मानांकन उत्पादनाच्या नावाला संरक्षण देते, सौद्यातील पारखीची रीत त्याने आपोआप बदलत नाही. हा निष्कर्ष मालकांच्या सांगण्यावर आधारलेला आहे. अडत्यांची व खरेदीदारांची बाजू या अभ्यासात नोंदवलेली नाही."

मूळ मजकुरातली चार-पाच वाक्यंच इथे आहेत. पण पहिलं वाक्य म्हणणं मांडतं, पुढची वाक्यं ते पेलतात, आणि शेवटची दोन वाक्यं त्याची मर्यादा प्रामाणिकपणे सांगतात. मर्यादा त्याच परिच्छेदात असावी यावर मी ठाम आहे. निबंधाच्या शेवटी "या अभ्यासाच्या मर्यादा" असं एक गाठोडं बांधलं की कोणती मर्यादा कोणत्या म्हणण्याला लागू आहे, हे वाचकाला कळत नाही.

प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य मुख्य म्हणणंच असावं, असा नियम मात्र मी तिला घालून दिला नाही. गुळव्यांच्या पुढच्या पिढीवरच्या परिच्छेदात तिने आधी एका गुऱ्हाळावरची स्थिती दिली आणि म्हणणं शेवटी मांडलं. तिथे ते चांगलं उतरलं आहे. समासातलं वाक्य पक्कं असलं की ते परिच्छेदात कुठे ठेवायचं हे लिहिणाऱ्याला कळतं.

"तसेच" चा हिशेब

नव्या मसुद्यातही "तसेच" बरेच राहिले होते. मी तिला सांगितलं, प्रत्येक ठिकाणी "म्हणून" किंवा "पण" बसवून बघ. बसलं तर दोन वाक्यांत खरा संबंध आहे, तो उघड लिही. दोन्ही बसलं नाही तर ती वाक्यं एका परिच्छेदात का आहेत, ते शोध. मानांकन आणि रंगाचा भाव यांच्यामध्ये "तसेच" होतं. तिथे "पण" बसवताच तिचा अर्धा युक्तिवाद समोर उभा राहिला.

परिच्छेदाच्या सुरुवातीला येणाऱ्या "यामुळे" आणि "हे" या शब्दांनीही असाच घोळ घातला होता. मागच्या परिच्छेदात पाच गोष्टी असतील तर "यामुळे" म्हणजे कशामुळे? तिने तिथे नामं घातली: "या टंचाईमुळे", "या भावपद्धतीमुळे". वाक्यं थोडी लांबली, पण वाचकाला मागे जाऊन शोधावं लागेना. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि जोर द्यायचा शब्द त्याच्या अगदी आधी ठेवता येतो. मागच्या वाक्यात येऊन गेलेली गोष्ट वाक्याच्या सुरुवातीला आणि नवी गोष्ट क्रियापदाजवळ, असं बसवत गेलं की परिच्छेद वाहता होतो. "रंगावरून भाव ठरतो" आणि "भाव रंगावरून ठरतो" यांतलं कोणतं कुठे हवं, यावर आम्ही बराच वेळ घालवला. तो वेळ कारणी लागला.

एका वाक्याचे परिच्छेद

निबंधाच्या ऐतिहासिक भागात नेमका उलटा दोष होता. शाहू महाराजांचं राज्यारोहण 1894 मधलं, शाहूपुरी बाजारपेठेची स्थापना 1895 मधली, पुढे बाजार समिती, मार्केट यार्ड: प्रत्येक घटनेला एक वाक्य आणि प्रत्येक वाक्याचा वेगळा परिच्छेद. पानावर मोकळी जागाच जास्त दिसायची. सनावळी तशी सुटी ठेवली तर पाठ करायला बरी पडते. निबंधात तिला म्हणणं हवं. शेवटी हा भाग एकाच परिच्छेदाचा झाला: कोल्हापूरचा गूळ आणि संघटित बाजारपेठ यांचं नातं सव्वाशे वर्षांहून जुनं आहे, म्हणून गुऱ्हाळांच्या आजच्या प्रश्नाकडे बाजाराच्या बाजूने पाहणं आवश्यक आहे. 1894 ची घटना गळली. ती खरी आहे, पण या म्हणण्याला तिची गरज नव्हती.

तक्त्याखालच्या परिच्छेदाबद्दल एवढंच सांगते की तक्त्यातल्या सगळ्या ओळी त्यात पुन्हा वाक्यांत लिहिल्या होत्या. त्या काढल्या आणि तक्त्यात काय पाहायचं, तेवढं ठेवलं.

कंस कुठे

दीड पानाच्या परिच्छेदाच्या अगदी शेवटी एकच संदर्भ होता, कंसात. तो कोणत्या वाक्याचा? मानांकनाचा, नियमाचा, की सगळ्यांचा? लांब परिच्छेदाचा हा धोका फारसा कोणी लक्षात घेत नाही. शेवटी टाकलेला एकच कंस वरच्या पंधरा वाक्यांची जबाबदारी घेऊ शकत नाही. वाचकाला तुमचं काय आणि उसनं काय, हे कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्याच्या पुढे पायऱ्या सुरू होतात. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर या मोजणीत धरत नाहीत. पण श्रेय कोणत्या वाक्याला आहे हेच दिसत नसेल, तर प्रामाणिक संशोधकही अडचणीत येतो. परिच्छेद आटोपशीर झाले तसे तिचे संदर्भ आपोआप आपापल्या वाक्यांजवळ आले.

नियमाच्या मजकुराचा एक मोठा उतारा तिने आपल्या वाक्यांत मिसळून टाकला होता. तो वेगळा केला. एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शोधलेखन-नियमावलीच्या) सातव्या आवृत्तीनुसार 40 किंवा त्याहून जास्त शब्दांचा उतारा स्वतंत्र, डावीकडून अर्धा इंच आत घेऊन आणि अवतरणचिन्हं न देता लिहायचा असतो. उतारा संपल्यावर तुमचं वाक्य यायला हवं, आणि त्या उताऱ्याचं काय करायचं ते त्या वाक्याने सांगायला हवं. उताऱ्यावरच परिच्छेद संपवला तर बोलणं दुसऱ्याच्या हाती जातं.

शेवटची मांडणी

नियतकालिकाचे नियम एपीएच्या वळणाचे होते: पहिली ओळ अर्धा इंच आत, परिच्छेदांमध्ये जादा जागा नाही, दुप्पट ओळअंतर, मजकूर डावीकडे सरळ. तिला आधी आवडत होतं ते दोन्हीकडून सरळ लावलेलं पान. ते भारदस्त दिसतं खरं, पण वर्डमध्ये मराठी शब्द ओळीच्या शेवटी सहसा तुटत नाहीत, आणि "संशोधनपद्धतीविषयक" असा लांब शब्द पुढच्या ओळीवर गेला की मागच्या ओळीत मोठमोठी भगदाडं पडतात. डावीकडे सरळ ठेवलं की हे होत नाही.

पहिली ओळ आत घ्यायची किंवा परिच्छेदांमध्ये जागा सोडायची, यांतलं एकच. दोन्ही केलं तर एकाच गोष्टीची खूण दोनदा होते आणि पान तुटक दिसतं. ओळअंतर "एक्झॅक्टली" वर ठेवलेलं असेल तर ते बदला, असं मी सगळ्यांनाच सांगते. देवनागरीत वर वेलांट्या-रफार आणि खाली उकार असतात, आणि अंतर घट्ट बांधलं की ते छाटले जातात. शीर्षक पानाच्या तळाशी आणि त्याखालचा परिच्छेद पुढच्या पानावर, असं होऊ नये म्हणून शीर्षकाच्या शैलीतच पुढच्या परिच्छेदाला जोडून ठेवण्याची सोय असते. ती चालू केली. एंटर मारत मारत शीर्षक पुढच्या पानावर ढकललं तर एक ओळ वाढली तरी सगळं पुन्हा हलतं.

लांबीबद्दल तिने विचारलं होतं. मी आकडा द्यायचं टाळत होते, पण तिला काहीतरी धरायला हवं होतं. शंभर ते दोनशे शब्दांत एक म्हणणं मराठीत बहुधा नीट मांडून होतं. त्याच्या बरंच पुढे गेलं तर समासातलं वाक्य पुन्हा तपासायचं. तिचा रंगावरचा परिच्छेद याहून लांब आहे आणि तो तसाच ठेवला, कारण तिथे म्हणणं एकच आहे.

पुढे काय झालं

निबंध पुन्हा पाठवला. परीक्षकाचा दुसरा शेरा आला, त्यात मांडणीबद्दल एक शब्द नव्हता. आक्षेप होता तो थेट युक्तिवादावर: भावपद्धतीबद्दलचा निष्कर्ष फक्त गुऱ्हाळमालकांच्या सांगण्यावर उभा आहे, अडते काय म्हणतात? ही उणीव तिने स्वतःच त्या परिच्छेदात नोंदवली होती. परीक्षकाने नेमकं तेच वाक्य उद्धृत करून पुढचा प्रश्न विचारला होता. पहिल्या मसुद्यावर हा प्रश्न कोणाला विचारताच आला नसता, कारण त्यात हा निष्कर्ष सापडतच नव्हता.

तिने मुदत वाढवून घेतली आणि मार्केट यार्डात अडत्यांशी बोलायला सुरुवात केली. काही अडत्यांनी सांगितलं की रंगाचा आग्रह त्यांचा नाही, परजिल्ह्यातल्या आणि परराज्यातल्या खरेदीदारांचा आहे. म्हणजे कारण सौद्याच्याही पलीकडे सरकलं. तिने मला विचारलं, हे त्याच परिच्छेदात घालू का? मी तिला समासात वाक्य लिहायला सांगितलं. तिने लिहिलं: "रंगाची मागणी अडतीवर तयार होत नाही, ती दूरच्या बाजारातून येते." मग स्वतःच म्हणाली, "हे वेगळंच म्हणणं झालं की, मॅडम." तो परिच्छेद तिने नवा लिहिला, आणि आधीच्या परिच्छेदातली मर्यादेची शेवटची दोन वाक्यं काढून तिथे अडत्यांचा संदर्भ दिला.